नाटकातलं झाड: पानं सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: हौशी संच, दोन अंकी नाटक, दुसऱ्या अंकातला मोठा प्रवेश जंगलात. तीन झाडं हवीत, ती खरी वाटली पाहिजेत, खर्च जवळजवळ शून्य, मधल्या अंधारात ती विंगेत ढकलता आली पाहिजेत आणि त्यातल्या एकाला नायक पाठ टेकून चांगली दहा मिनिटं बसतो. आणि शेवटी, "पानं कशाची करावीत, कागदाची की कापडाची?"

पानांचं शेवटी सांगतो. टाळतोय म्हणून नव्हे. पानांपासून सुरुवात केली की झाड हमखास फसतं, हे मी स्वतः करून बसलोय. माझ्या पहिल्या झाडासाठी आम्ही सात जणांनी चार रात्री जागून क्रेप कागदाची पानं कापली, प्रत्येकाला मधली शीर काढली, एकेक करून तारेला चिकटवली. रंगीत तालमीला मी दहाव्या रांगेत जाऊन बसलो, तर समोर खांबावर उघडलेली हिरवी छत्री. एकही पान सुटं दिसत नव्हतं. खांब मात्र अगदी स्वच्छ खांब दिसत होता, कारण बुंध्यावर आम्ही धड एक दुपारही घालवली नव्हती.

प्रेक्षकाला झाड पटतं ते दोन जागांवरून: ते जमिनीतून वर कसं येतं आणि त्याला फांदी कुठे, कशी फुटते. या दोन जागा जमल्या तर वर चार झुबके लावूनही काम भागतं.

कामाला लागण्याआधी सभागृहात एक फेरी मारा. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसा, मग अगदी मागे, बाल्कनी असेल तर तिथेही. पहिल्या रांगेतल्या माणसाला झालरीच्या (रंगमंचावर वरून सोडलेल्या आडव्या कापडी पट्टीच्या) खालून सगळ्यात उंचावरचं दिसतं, बाल्कनीतल्याला जमीन सगळ्यात जास्त दिसते, आणि टोकाच्या खुर्चीवरून झाडाची बाजू. या तीन जागांवरून जे दिसत नाही ते बनवायचंच नाही. बुंधा झालरीच्या वर निघून गेला की शेंडा करावा लागत नाही, आणि झाडाचा सगळ्यात खर्चिक भाग शेंडाच असतो. मागची बाजू कुणालाच दिसत नसेल तर बुंधा अर्धगोल करा. सामान निम्मं लागतं, सपाट पाठीला आधार द्यायला जागा मिळते आणि विंगेत झाड भिंतीला चिकटून उभं राहतं.

आता सांगाडा. कापडाचे तागे आणि गालिचे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या बहुतेक वेळा फुकट मिळतात, विचारायला लाजू नका. नळी हलकी आणि मजबूत असते, पण ती सरळ असते हाच तिचा दोष. सरळ झाड खांबच दिसतं. त्यावर एक सोपी युक्ती आहे. नळी काटकोनात न कापता १० अंश तिरकी कापा आणि वरचा तुकडा अर्धा फेरा फिरवून पुन्हा तिथेच बसवा. काप जुळतो आणि २० अंशांचा बाक तयार होतो. उंचीत असे दोन बाक द्या, पण एकाच प्रतलात नको: एक डावीकडे, दुसरा थोडा प्रेक्षकांकडे. सांध्याच्या आत लाकडी पट्टी घालून दोन्हीकडून स्क्रू मारा, वरून गोणपाटाची पट्टी फेविकॉलात भिजवून गुंडाळा. सांधा नळीपेक्षा पक्का होतो.

नळी हा फक्त गाभा आहे, बुंध्याची जाडी तिच्यावर चढवायची असते. नायक टेकतो त्या झाडाला मी नळी वापरणार नाही, त्याला प्लायवुडच्या अर्धगोल चकत्या घ्या. जमिनीवर २० इंच रुंद, एका फुटावर १४, चार फुटांवर ११, अगदी वर ९. पहिल्या एका फुटात रुंदी किती झपाट्याने उतरते ते बघा, झाडाचा पाय तिथेच दिसतो. चकत्या कंपासने काढू नका, हाताने वेड्यावाकड्या काढा आणि एकीवर एक बरोबर मध्यभागी न ठेवता इंच-दोन इंच सरकवत जा. त्यांना उभ्या पट्ट्या ठोका. त्यावर बारीक भोकांची कोंबडीजाळी ताणून स्टेपल करा. जाळीची टोकं आत वळवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच तालमीत कुणाचा तरी सदरा फाटतो. नायकाची पाठ लागते तेवढ्या भागात जाळीच्या मागे प्लायवुडची फळी हवी. जाळी दबते आणि खोड मऊ असल्याचं शेवटच्या रांगेलाही कळतं.

फांद्यांच्या जाडीला एक नियम आहे, तो लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणवह्यांत लिहून ठेवला होता: एखाद्या उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या बुंध्याएवढी भरते. जाडी म्हणजे इथे आडव्या कापाचं क्षेत्रफळ. हिशोब व्यासाच्या वर्गाने करा. १० इंची बुंध्याला दोन फांद्या फुटल्या तर त्या ८ आणि ६ इंची असाव्यात, कारण ६४ आणि ३६ मिळून १०० होतात. दोन्ही सारख्या हव्या असतील तर प्रत्येकी ७ इंच. प्रत्येक झाड हा नियम तंतोतंत पाळतं असं नाही, पण रंगमंचावर तो फार उपयोगी पडतो, कारण नवशिके नेमकी उलटी चूक करतात: जाड बुंधा आणि त्याला काठीसारख्या बारीक फांद्या. आणि ८-६ हे ७-७ पेक्षा केव्हाही चांगलं. सारख्या दोन फांद्या फुटल्या की झाडाची गलोल होते.

पुढच्या बारीक फांद्या खऱ्याच वापरा. वाळून पडलेल्या, छाटणीनंतर टाकून दिलेल्या. इतका खरा वळसा तारेने कधीच साधत नाही. झटकून, कीड नाही ना बघून, आठवडाभर उन्हात ठेवा. ओल्या, पानांसकट आणू नका. एखाद-दोन दिवसांत पानं माना टाकतात आणि प्रयोग भलत्याच ऋतूत जाऊन पोचतो.

सालीची कृती जरा सावकाश सांगतो, सगळं झाड याच्यावर उभं आहे. जुना मांजरपाट किंवा सुती चादर घ्या. फेविकॉल आणि पाणी समसमान मिसळा. दाट हवं असं वाटेल, पण दाट असलं की कापड भिजत नाही, नुसतं माखतं. कापड त्यात पूर्ण बुडवून हलकं पिळा. बुंध्याच्या रुंदीच्या दीडपट रुंद तुकडा वरून खाली सोडा आणि जास्तीचं कापड दोन्ही हातांच्या बोटांनी चिमटीत धरून उभ्या चुण्या पाडत खाली या. चुणी सरळ नको: वाटेत दुसरीला जाऊन मिळावी, पुन्हा फुटावी, मध्ये कापडात एखादा डोळा सुटावा. फांदी फुटते तिथे थांबा. बेचक्यात साल दाबली जाते, तिथे कापड आडव्या वळ्यांत गोळा करा, कोपर दुमडल्यावर बाहीला पडतात तशा. जुन्या छाटलेल्या फांदीची गाठ हवी तर सुतळीचं वेटोळं कापडाखाली ठेवा आणि कडेने बोट फिरवा. खाली आलात की कापड कापू नका, ते जमिनीवर पसरू द्या. त्याचीच मुळं होतील.

चुण्या किती जाड? निरोगी डोळ्याला साधारण १ आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनाएवढा बारकावा कळतो, १० मीटरवर तो जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाला ३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेग दिसतच नाही, आणि मंद उजेडात मर्यादा आणखी ढिली होते. म्हणून चुण्या बोटभर जाड करा. जवळून बघताना त्या ओबडधोबड, जवळजवळ विनोदी वाटतात. संचातलं कुणीतरी येऊन "हे काय केलंय" म्हणतंच. त्याला हाताला धरून दहाव्या रांगेत नेऊन बसवा.

कागदाच्या लगद्यानेही साल होते, पण जाड थर आतून वाळायला कित्येक दिवस लागतात. दमट हवेत तर त्याला बुरशीचा वास येतो आणि टेकून बसलेला नायक तो सहन करत संवाद म्हणतो. लगदा फक्त गाठींपुरता ठेवा. थर्मोकोल आणि फवारणीचा फोम मी झाडात घालत नाही. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग मारला तर द्रावकाने तो विरघळून खड्डे पडतात, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण आगीची.

आगीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. तुम्ही रंगमंचावर सुकं लाकूड, सुती कापड आणि कागद उभा करताय, आणि वर गरम दिवे आहेत. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आर्क दिव्याच्या ठिणगीने एक कापडी पडदा पेटला आणि ६०० हून जास्त माणसं गेली. त्याच्याही कितीतरी आधी, १८२१ मध्ये, फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने कापड आगीला दाद देऊ नये म्हणून प्रयोग केले होते. त्याने वापरलेल्या क्षारांमध्ये टाकणखारही (बोरॅक्स) होता, आणि तो आजही स्वस्तातला उपाय आहे. १ लिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम टाकणखार आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. कापड फेविकॉलात घालायच्या आधी यात बुडवून वाळवा, वाळक्या फांद्यांवर फवारा. हातमोजे घाला आणि मुलांच्या हाती ते पाणी लागू देऊ नका, पोटात गेलं तर अपाय होतो. हे फक्त सुती कापड, गोणपाट, कागद, लाकूड यांवर चालतं, पॉलिएस्टरवर नाही. धुतलं की गेलं. कधी कधी वाळल्यावर पांढरी भुकटी वर येते, ती ब्रशने झटकायची.

वरून गोंद आणि रंग चढल्यावर गुण बदलू शकतो, म्हणून त्याच कापडाची एक पट्टी झाडाबरोबरच तयार करा आणि उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात धरून तिला काडी लावा. ज्योत बाजूला घेताच पट्टी विझली पाहिजे. जळत राहिली तर ते झाड रंगमंचावर जात नाही, मग दुसऱ्या दिवशी प्रयोग का असेना. सभागृहाचे स्वतःचे नियम असतात, प्रमाणित द्रावणच हवं असा आग्रह असू शकतो. ते आधी विचारून घ्या.

रंगाला तुम्ही तपकिरी डबा उघडणार, तो बंद करा. बाहेर जाऊन पाच झाडांची साल बघा. बहुतेक राखाडी असेल, कुठे हिरवट, कुठे जांभळट, खरा तपकिरी फार थोडा. भिंतीचा पाण्यातला मॅट रंग पुरतो. आधी सगळ्या बुंध्याला गडद राखाडी-काळपट थर द्या, चुण्यांच्या तळापर्यंत. तो वाळला की मधला राखाडी रुंद ब्रशने, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, चुण्यांना आडवा ओढा. नुसत्या माथ्यांना रंग लागतो, खाचा काळ्या राहतात. शेवटी अगदी फिका, पिवळसर राखाडी त्याहून कमी आणि फक्त एका बाजूला, ज्या बाजूने प्रवेशात उजेड येतो त्या बाजूला. पायाशी पातळ हिरवट पाणी सोडा, ओल धरल्यासारखं. रंगात मूठभर लाकडाचा भुसा घातला तर पोत चांगला येतो, पण तोही आधी क्षाराच्या पाण्यातून काढून वाळवलेला असावा.

एक चूक माझी झालेली आहे, ती तुम्ही करू नका. रंग टिकावा म्हणून मी सगळ्यात वरून फेविकॉलचा हात मारला. दिवसा छान दिसलं. दिवे लागले तसं अख्खं झाड पाण्यातून काढल्यासारखं चमकायला लागलं, आणि ते झाड होतं दुष्काळी गावातलं. प्रयोगाच्या दोन तास आधी त्यावर खडूची पूड पाण्यात कालवून फासावी लागली.

पाया. झाडाखाली १८ मिलिमीटर प्लायवुड, झाडाच्या उंचीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढं रुंद, मागच्या बाजूला जास्त. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. अर्धगोल बुंध्याच्या पोटात वाळूच्या पिशव्या भरा, पाठीमागे तिरका टेकू द्या. मग खांद्याच्या उंचीवर हात ठेवून चांगलं रेटा. झाड हललं तर पिशव्या वाढवा. चाकं लावायची असतील तर मागच्या कडेला फक्त दोन, जमिनीपासून किंचित वर, म्हणजे उभं असताना झाड पायावर बसतं आणि मागे कललं की चाकांवर येतं. चारही चाकांवर उभं असलेलं झाड नायकाने पाठ टेकताच चालायला लागतं. ब्रेकची चाकं घ्या म्हणतील, अंधारात तो ब्रेक कुणाच्या लक्षात राहत नाही. झाडावर चढायचा प्रसंग असता तर मी हे काहीच सांगितलं नसतं, तिथे आत लोखंडी शिडी आणि जाणता सुतार लागतो.

फळीची कड दिसली की सगळं गेलं. पसरलेल्या सालीच्या कापडाखाली गोणपाटाच्या जाड पिळलेल्या दोऱ्या घालून मुळं करा, ती फळीच्या कडेवरून उतरून थेट रंगमंचाच्या जमिनीवर येऊ द्या. तीन-चार पुरेत, सगळ्या दिशांना सारखी नकोत, नाहीतर कोंबडीचा पाय होतो. उरलेल्या कडेला वाळका पाचोळा विणलेल्या जाळीवर चिकटवून टाका. तोही क्षाराच्या पाण्यातून काढलेला. सुटा पाचोळा मात्र नको, पुढच्या प्रवेशात तो दिवाणखान्यात दिसतो.

तीन झाडांत तीन सारखी मेहनत घेऊ नका. पुढचं, टेकायचं झाड असं पूर्ण करा. दुसरं नळीचं, त्याच्यामागे. तिसरं आणि जमलं तर चौथं-पाचवं नुसतं सपाट: प्लायवुड किंवा जाड पुठ्ठ्यावर कापलेला आकार, बारीक, फिकट, किंचित निळसर. दूरची झाडं हवेच्या थरामुळे तशीच दिसतात, आणि रंगमंचाची खोली दुप्पट वाटते. त्याहूनही स्वस्त हवं असेल तर वरच्या बारला मांजरपाटाच्या लांब पट्ट्या बांधा, पीळ देऊन खाली वजन लावा, मागून उजेड सोडा. जंगल उभं राहतं. मला स्वतःला हे खऱ्यासारख्या झाडापेक्षा जास्त आवडतं, पण तुम्ही खरं मागितलंय. झाडांमधली अंतरं सारखी ठेवू नका, दोन जवळजवळ आणि एक लांब.

प्रकाशयोजना करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. हिरवा रंग लाल उजेडात काळा पडतो, म्हणून संध्याकाळचा प्रवेश असेल तर रंगाचे नमुने त्याच फिल्टरखाली धरून बघा. आणि जमिनीवर, नायकाच्या खांद्यावर पानांची सावली पडली तर न केलेला शेंडाही प्रेक्षकाला दिसतो. त्याला दिव्यात घालायची नक्षी कापलेली महागडी पट्टी लागत नाही. हार्डबोर्डात वेडीवाकडी भोकं कापून ती चौकट दिव्यापुढे तीन-चार फुटांवर बांधा, दिव्याला चिकटवून नको. चौकट दिव्यापासून जितकी दूर, सावलीची कड तितकी स्पष्ट.

आता पानं. कापडाची. कागद सळसळतो आणि तिसऱ्या प्रयोगाला सुरकुततो, प्लास्टिक चमकतं. जुन्या सुती चादरी तीन वेगवेगळ्या हिरव्यांत बुडवा, एक पिवळट, एक काळपट, एक मधला. वाळल्यावर क्षाराच्या पाण्यातून काढा. कात्रीने एकेक पान कापू नका, चार-चार घड्या घालून कापा आणि खऱ्यापेक्षा दीडपट मोठं. प्रत्येकाला मधोमध एकदा दुमड द्या म्हणजे एक बाजू उजेड पकडते, दुसरी सावलीत जाते. शिरा काढू नका. पाच-सहा पानांचा एक झुबका, झुबके फांद्यांच्या टोकांना, मध्ये भरपूर मोकळी जागा. झालरीखाली डोकावतील अशा दोन फांद्यांना मिळून तीस-पस्तीस झुबके पुरतात. तेवढे लावून मागच्या रांगेत जाऊन बसा आणि मगच ठरवा, आणखी लागतात का.